मोनूले गोळी नाई!

एका घरात दोन जावा आणि दोघींची बरोबरीची लेकरं असली, की तुलना सुटत नाही. कोणाचं आधी चाललं, कोणाचे दात आधी आले! करडी गावात यादोरावांच्या घरीही हेच चालायचं. थोरली सून विजयमाला, तिचा मोनू. धाकटी रंजिता, तिची डिंपल. सगळं हसण्यावारी जायचं. पण मागच्या पावसाळ्यात दोन्ही लेकरांना लागोपाठ मेंदूज्वर झाला आणि ते हसणं संपलं.

दोघंही तापाने फणफणली, झटके आले, शुद्ध हरपली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "या विषाणूला मारणारं औषध आमच्याजवळ नाही. झटके थांबवू, मेंदूची सूज उतरवू, श्वास सांभाळू. लवकर आणलंत, हे चांगलं केलंत."

दोघं वाचली. मोनू घरी येऊन अंगणभर धावायला लागला. डिंपल मागाहून आली ती उजवा हात लुळा घेऊन. झटके येऊ नयेत म्हणून रोजची गोळी आणि हाताचा व्यायामही मागे लागला.

मोनू धावला की रंजिताचा जळफळाट होई. "देवाले माहीच पोरगी दिसली काय?" असं पुटपुटत ती भांडी आदळायची. ज्या पोराला तिने कडेवर खेळवलं, तो "काकू, पाणी दे" म्हणाला, तर ती ऐकलंच नाही असं दाखवी. एकदा तर तो धावताधावता पडावा, असं तिच्या मनात आलं. तिची तिलाच लाज वाटली, पण जळणं काही थांबलं नाही.

अशात शेजारची आनंदाबाई म्हणाली, "मोनूले गोळी नाई, मंग तुह्याच पोरीले कायले? गोळीनंच सुस्तावून राहिली ते."

रंजिताला नेमकं हेच ऐकायचं होतं! तिने कोणाला न विचारता गोळी बंद केली. व्यायामही सोडला. थोडे दिवस डिंपल खरंच तरतरीत दिसली. रंजिताने ठरवूनच टाकलं, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला सगळ्या गावाला दाखवायचं, की माझी पोरगीही बरी झाली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून निघाली. रंजिताने डिंपलला नवा फ्रॉक घातला, बैलाची दोरी डाव्या हातात दिली आणि तिला मुद्दाम मोनूच्या पुढे उभं केलं.

मारुतीच्या पारापाशी डिंपल कोसळली. डोळे फिरले, अंग थडथडू लागलं. "कांदा हुंगवा!" "चप्पल आना!" एकच कल्ला झाला. आनंदाबाई तर दातांत घालायला चमचा घेऊन आली.

"तोंडात काई घालू नोका! सरका सारे!" गर्दीतून विजयमाला धावली. दवाखान्यात नर्सबाईने दाखवलं होतं तसं तिने डिंपलला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली आपला पदर दिला. झटका थांबत नव्हता. डिंपलचा बाप अंकुश गाडी घेऊन आला आणि मोनूसकट सगळे भंडाऱ्याला पळाले.

इंजेक्शनने झटका थांबला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

रंजिता रडायला लागली. "मी बंद केली साहेब. मोनूले नाई, म्हनून..."

"ताप गेला म्हणजे आजार संपला असं नाही," डॉक्टर म्हणाले. "सूज कुठे आली, किती आली, यावर प्रत्येक लेकराचं वेगळं असतं. गोळी कधीतरी कमी करू, पण ते आम्ही ठरवू. शेजारचं पोर पाहून तुम्ही नाही!"

बाहेर बाकावर विजयमालाने तिचा हात धरला. रंजिताने तो झटकला. "तुमचं पोरगं चांगलं झालं ताई! तुमाले काय समजते माहं दुख?"

"चांगलं झालं?" विजयमालाचा आवाज फाटला. "मागच्या साली पाढे म्हने मोनू. आता सोताचं नाव लिहिता येत नाई त्याले! राग आला का भिंतीवर डोकं आपटते, मंग मी दार लावून घेते. गावात लाज वाटते म्हनून मी कोनाले सांगतलं नाई, डॉक्टरलेबी नाई. तुही डिंपल अख्खं गानं म्हनते, ते आयकून मले रडू येते. मीबी तुह्यावर जळत होती, रंजिता!"

आता रंजितानेच तिचा हात घट्ट धरला. जे पोर बघून ती वर्षभर जळली, त्याचंही दुखणं एकाच छताखाली लपून होतं. ती म्हणाली, "ताई, आपन दोघी येड्याच. मोनूले आताच दाखवू. चला, उठा."

त्या दिवसापासून दोघी एकाच एसटीने दवाखान्यात जाऊ लागल्या. डिंपलची गोळी पुन्हा सुरू झाली, व्यायामही. मोनूला काय शिकवायचं, कसं शिकवायचं, ते डॉक्टरांनी समजावलं. डिंपलचा हात अजून पुरता वळत नाही आणि मोनूचे पाढे अजून चुकतात. आनंदाबाईने पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा रंजिता म्हणाली, "मोनूचं मोनूले, डिंपलचं डिंपलले. डॉक्टर सांगन तेच करीन मी."

बायांनो, भावांनो, मेंदूज्वरातून उठलेलं लेकरू दुसऱ्याच्या लेकराशी मोजू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका आणि लाजेपायी लेकराचं दुखणं झाकू नका. आपण आईबाप जळत बसलो, तर त्याची किंमत लेकरू मोजतं!

अंगणातून मोनू ओरडला, "काकू, पाणी दे!" रंजिता लगबगीने उठली आणि दोन पेले भरून बाहेर गेली.