चाळीस मिनिटं धरलेली लाईन

मी एक मोडेम बोलतोय. काळा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. पुढे लाल दिव्यांची ओळ.

धुळ्यात गौतमचंद शेठजींचं पाइपांचं दुकान आहे. त्यांचा मुलगा पारस अमेरिकेत असतो. त्याने आपला जुना लॅपटॉप घरी पाठवला. पण लॅपटॉपच्या पोटातला मोडेम दुबळा होता. पाच मिनिटं झाली की घरातली एकुलती टेलिफोनची लाईन सोडून द्यायचा. नातवाचा फोटो कपाळापर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा.

"नातू आहे का नुसते केस?" शेठजी म्हणायचे.

म्हणून १९९९ च्या दिवाळीनंतर कॉम्प्युटर क्लासवाल्या हिलालभाऊंनी मला आणून लॅपटॉपला जोडलं. "काकू, आता बठ्ठा, अख्खा फोटो येईल. हा धरलेली लाईन सोडत नाही."

शेठजींच्या पत्नी सुगनबाईंनी मला हळदीकुंकू वाहिलं. थोडं कुंकू दिव्याच्या फटीत गेलं.

सुगनबाईंची आई पारोळ्याला अंथरुणाला खिळली होती. भाऊ भिकमचंद रोज संध्याकाळी फोन करायचे. "जीजी, आई पणतूचा फोटो मागते." फोटो आला की लॅपटॉपच उचलून पारोळ्याला न्यायचा, असं ठरलं होतं.

त्या संध्याकाळी शेठजी म्हणाले, "आत्ता नको. भिकमचंदचा फोन यायची वेळ झाली."

"लावा हो. पाच मिनिटांत सुटतेच की लाईन."

त्यांना सवय जुन्या मोडेमची होती. मी नवा होतो.

मी चिरकलो, खरखरलो आणि लाईन धरली. केस आले. कपाळ आलं. मग डोळे आले, आणि घड्याळाकडे कुणी पाहिलंच नाही. हनुवटी उतरली तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती.

"अहो, बघा! अगदी माझ्या आईची हनुवटी!" सुगनबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. मलाही फार अभिमान वाटला.

शेठजींनी तार काढून फोनला लावली. तोच फोन वाजला. भिकमचंद इतक्या मोठ्याने बोलत होते की मलाही ऐकू आलं.

"जीजी, कुणाशी बोलत होतीस एवढा वेळ? आठ वेळा लावला. आईला तुझा आवाज ऐकायचा होता. मी रिसीव्हर तिच्या कानाला धरून बसलो होतो. तसाच धरलेला असताना गेली गं ती."

तिच्या कानात शेवटी जे टूं टूं वाजत राहिलं, ते माझ्यामुळे.

मला कुणी रागावलं नाही. लॅपटॉप त्यांनी पारोळ्याला नेला. सुगनबाईंनी तो उघडून आईच्या उशाशी ठेवला होता, असं शेठजी नंतर हिलालभाऊंना सांगत होते.

आता मी जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला, कपाटात पाइपांच्या पावतीपुस्तकांमागे पडून आहे. बाहेर फोन वाजला की पहिल्याच घंटीला सुगनबाईंची धावती पावलं ऐकू येतात.

दिव्याच्या फटीतलं कुंकू अजून तसंच आहे. मला पुन्हा कुणी लावलंच, तर आधी घरात एकदा विचारा, कुणाचा फोन यायचाय का. मला आपणहून सोडता येत नाही.