घरकुलातलं स्थळ

समोरच्या बंगल्यांत चोऱ्या वाढल्या का, हे कुणी कधी मोजलं नाही. पण सरकारी घरकुलाच्या चार इमारती उभ्या राहिल्यापासून पोलिसांची जीप कुठं वळायची, हे मात्र ठरून गेलं. ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोपटातून झुंबरबाई इथं तिसऱ्या मजल्यावर आली, तेव्हा तिनं साऱ्या जिन्याला पेढे वाटले होते. हौस दांडगी! चार वर्षांत 'घरकुल' हा शब्द कानावर पडताच तिच्या लेकीची, तेजस्वीची, दोन स्थळं मोडली.

म्हणून या वेळी गारगोटीच्या सयाजीनं, तिच्या धाकट्या भावानं, पाहुण्यांना फक्त 'फ्लॅट हाय, बहिणीच्या नावावर' एवढंच सांगितलं. यात खोटं काहीच नव्हतं. रविवारी सकाळी येऊन त्यानं बहिणीला तंबीही दिली. "आक्का, पोहे दे, च्या दे, आन् गप बस. हे स्थळ गेलं तर मी पुन्हा बघणार न्हाय."

पाहुणे कबनूरचे. मुलगा सम्राट कागलच्या एमआयडीसीत कामाला, बोलायला गोड. तेजस्वीला तो बघताक्षणी आवडला, हे त्याच्या बशीत तिनं दोनदा वाढलेल्या पोह्यांवरून आंधळ्यालाही कळलं असतं. मुलाची आई हसत होती. सयाजी मिशीला पीळ देत होता. सगळं कसं बैजवार चाललं होतं.

मुलाचे वडील, केरबा, बशी ठेवत सहज म्हणाले, "टीव्ही झ्याक हाय की. कुठनं घेतला?"

झुंबरबाई उठली. गादीखालची प्लास्टिकची पिशवी काढून तिनं टीव्हीची पावती त्यांच्या हातात दिली. मग मिक्सरची. मग पंख्याची. "नंबर मागं हाय, ताडून बघा," असं म्हणत ती दाराशी हात बांधून उभी राहिली.

तिचा तरी काय दोष? बंगल्यात काही गेलं की शिपाई घरात शिरायचे, वस्तूवर बोट ठेवून 'कुठनं आणलं?' विचारायचे. पावती नसली की वस्तू जीपमध्ये. पहिल्यांदा ती रडली होती, दुसऱ्यांदा भांडली होती. पुढं पुढं अंगवळणीच पडलं.

"अवो, मी आपलं सहज इचारलं," केरबा ओशाळून म्हणाले.

मुलाच्या आईचं हसू थांबलं. "पोलीस येत्यात व्हय इथं?"

सयाजी खोकला. पुन्हा खोकला.

"येत्यात की," झुंबरबाई म्हणाली. "पर आमच्यात कदी काय घावलं न्हाय."

सम्राटनं तेजस्वीकडं एकदा बघितलं आणि चपला शोधायला लागला. त्याच्या आईनं उठताना पर्स उघडून आत चाचपलं.

"हाय न्हवं सगळं?" झुंबरबाईनं विचारलं. टोमणा नव्हता तो. अगदी काळजीनं विचारलं तिनं.

त्या बाईचा चेहरा लालेलाल झाला. "मोबाईल कुठं ठेवला बघत हुते, बाई." नवऱ्याच्या आधी ती जिना उतरली. सयाजी मागोमाग धावला तो परत वर आलाच नाही. कळवतो म्हणाले, असा त्याचा फोन तेवढा आला. पुन्हा स्थळ बघण्याचं त्यानं नावही काढलं नाही.

तेजस्वी साडीतच भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "आई, त्या बाई आपल्याला चोर म्हणल्या न्हवत्या. तूच म्हणलीस."

आपण काय बोललो, हे झुंबरबाईला खरंच उमगलं नव्हतं. आता लेकीला जवळ घ्यावं, निदान डोळ्यांत पाणी तरी यावं, म्हणून ती जरा वाट बघत उभी राहिली. काहीच आलं नाही.

"व्हय?" एवढंच ती म्हणाली, आणि बशांतले उरलेले पोहे एका ताटात गोळा करायला लागली.