महालक्ष्मीच्या सुळक्याची पाठ

जव्हार संस्थानावर काशीनाथांनी अकरा वर्षं टिपणं काढली होती, पण जव्हार कधी पाहिलं नव्हतं. डहाणूजवळ किनाऱ्यावरच्या वरोर गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात आयुष्य गेलेलं. चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की ते मागच्या मागे सटकायचे. दसऱ्यानंतरच्या रविवारी गावची बस जव्हारला निघाली आणि माहिती सांगायचं काम नेमकं त्यांच्या गळ्यात पडलं.

जव्हारच्या मुकणे राजांचा जयविलास राजवाडा झाला, शिरपामाळ झाला. शिवाजी महाराजांचं इथं स्वागत झालं, हे सांगताना त्यांचा आवाज चक्क चढला. त्याच भरात ते बोलून गेले, "सनसेट पॉइंटवरून आपला डहाणूचा महालक्ष्मीचा सुळका दिसतो!"

बोलले आणि गार पडले. हे नुसतं वाचलेलं. खोटं निघालं तर सकाळपासून सांगितलेल्या एका तरी शब्दावर कोण विश्वास ठेवील?

सनसेट पॉइंटच्या कठड्याशी सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. समोर खोल दरी, पलीकडे डोंगरच डोंगर. चिंतामण तांडेलांनी डोळ्यांवर हात धरला. चाळीस वर्षं त्याच सुळक्यावर नजर ठेवून त्यांनी होडी बंदराला लावली होती.

"नाय दिसत," ते म्हणाले.

"मास्तर, पुस्तकातला डोंगर सरकला काय?" त्यांच्या पत्नी अंबूबाई म्हणाल्या. सगळे खो खो हसले.

काशीनाथांचे कान तापले. त्यांनी वहीचं पान फाडून पुढं केलं. "तांडेल, होडीतून कसा दिसतो, काढा बरं."

तांडेलांनी ठसठशीत रेघ ओढली. उंच सुळका आणि उजव्या हाताला उतरता खांदा. "हा असा. झोपेतपण ओळखीन."

रेघेकडे बघता बघता काशीनाथ थबकले. होडीतून बघताना तांडेलांचं तोंड उगवतीला. आणि इथं मावळतीला!

"अहो, आपण त्याच्या पाठीमागं उभे आहोत!" ते ओरडलेच. त्यांनी पान पालटून मावळत्या उजेडासमोर धरलं. रेघ आरपार दिसली, खांदा डावीकडे गेला. पान जरा खाली घेतलं, तर त्याच्या वरच्या कडेला, हुबेहूब तस्साच, निळा सुळका उभा!

"अगो बाय! आईचा डोंगर!" अंबूबाईंनी हात जोडले.

"आयुष्य गेलं, पण त्याची पाठ आज बघितली," तांडेल पुटपुटले.

मोबाइल वर झाले, पोरं कठड्यावर चढू लागली. अंबूबाई काशीनाथांकडे वळल्या. "मास्तर, राजवाड्याचं परत सांगा. तेव्हा मी फोटो काढत होते."

"पहिल्यापासून सांगतो," काशीनाथ म्हणाले, आणि मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्यानं, "पण वेळ लागेल हं!"