दार मोडलं नव्हतं

कचेरीत पाऊल टाकताक्षणी वरिष्ठांनी गोड आवाजात "ये, ये, जरा इथे सही कर बरं" म्हटलं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. आपण अशा किती सह्या केल्या असतील! कागद वाचायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही, पेन घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. घरी बायकापोरं असतात, नोकरी टिकवायची असते.

मिस्त्रीनंही सव्वीस वर्षांत अशा सह्या पुष्कळ केल्या होत्या. विधिमंडळाच्या इमारतीतला तो सुतार. सभागृहातली बाकं, खिडक्यांच्या चौकटी, सभापतींच्या आसनाचा डगमगणारा पाय, सगळं त्याच्याच हातचं. त्या सोमवारी अधीक्षकांनी त्याच्यापुढे जो कागद सरकवला, त्यावर एकच ओळ टाइप केलेली होती : 'जमावाच्या रेट्यामुळे इमारतीचे मागील दार मोडले.' खाली 'सुतार' असं लिहून सहीपुरती जागा.

गुरुवारी जे घडलं ते सगळ्या देशानं पाहिलं होतं. निवडणुकीत सत्तेवरचा पक्ष हरला होता. गुरुवारी सभागृहात निकालपत्रांचं वाचन होऊन त्यावर सभापतींची सही व्हायची होती. ती झाली की जुनं सरकार जाणार आणि नवं येणार. नेमक्या त्याच दुपारी हरलेल्या पक्षाचे हजारो लोक इमारतीसमोर जमले. घोषणा झाल्या, मग दगड आले, काचा फुटल्या, आणि चाळीसेक माणसं आत घुसली. दीड तासानं पोलिसांची कुमक आली, माणसं बाहेर काढली गेली, संध्याकाळी सही झाली. त्या सगळ्या वेळात मिस्त्री तळघरातल्या आपल्या कामाच्या खोलीत आतून कडी लावून बसला होता. नंतर तीन दिवस इमारतीला पोलिसांचा वेढा. सोमवारी तो पहिल्यांदाच कामावर येत होता.

"दार बघून येतो, मग सही करतो," तो म्हणाला.

"बघायचंय काय त्यात?" अधीक्षक हसले. "दार ते दार. अरे, चार टाळकी आत शिरली, फोटो काढले, खुर्च्यांवर बसली, गेली. आता वर्तमानपत्रवाले म्हणतायत, सत्ता उलथवायचा प्रयत्न! रणगाडे होते का? फौज होती? लोक चिडले, थोडं जास्त झालं. उद्या चौकशी समिती येतेय. तिला कामाला लावू नकोस. आज हे गेलेत, पाच वर्षांनी तेच आपले साहेब होऊन यायचे."

खरं सांगायचं तर मिस्त्रीलाही ते पटत होतं. त्याचं मत हरलेल्या पक्षालाच होतं. गेले तीन दिवस तो शेजाऱ्यांना हेच सांगत होता : लोकांनी जरा आवाज केला, त्याचा एवढा बाऊ कशाला?

पण दार बघायचंच, ही त्याची हाताची सवय होती.

मागच्या बोळात तो आला आणि जागच्या जागी थांबला. दार भिंतीला टेकून व्यवस्थित उभं होतं. त्यावर ओरखडा नव्हता. मोडलेली दारं मिस्त्रीनं आयुष्यभर पाहिली होती. माणसं लोटली की लाकूड चिरतं, कुलपापाशी ढलप्या निघतात, चौकट फाटते. इथे कुलूप अजून लागलेलंच होतं! तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना मात्र बाहेर आलेल्या होत्या. त्यांच्या बुडावर हातोडीचे ताजे घाव दिसत होते. कुणीतरी शांतपणे, एकेक करून, त्या खालून वर ठोकून काढल्या होत्या आणि दार उचलून बाजूला ठेवलं होतं. पुढच्या अंगणात हजारो लोक घसा फोडत असताना मागे हे काम चाललेलं होतं.

त्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत हे रस्त्यावरून दिसत नव्हतं. त्यासाठी बोळात शिरावं लागे, आणि बोळाला फाटक होतं. "बिजागऱ्या आत घ्या" असं त्यानं अधीक्षकांना दोनदा लेखी दिलं होतं. त्यांच्याशिवाय ही गोष्ट त्यानं एकाच माणसाला सांगितली होती.

दोन महिन्यांपूर्वी, रविवारी जेवताना, वैतागून. आपल्या जावयाला.

"पाहिलंत ना, मिस्त्री?" मागून आवाज आला. सभागृहाच्या लघुलेखिका बाई होत्या. तीस वर्षं त्यांनी सभागृहात बोललेला शब्द न् शब्द टिपला होता. त्यांच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं पडलं होतं.

"बाई, तुम्हाला लागलं?"

"माझं सोडा. पैलवानाची बोटं गेली."

पैलवान म्हणजे दप्तरखान्याचा पहारेकरी. काडीसारखा बारीक, म्हणून सगळ्यांनी गमतीनं ठेवलेलं नाव. "निकालपत्रांची पेटी त्याच्या खोलीत होती," बाई म्हणाल्या. "मागून आलेले थेट तिकडेच वळले. आरशाकडे नाही, झुंबराकडे नाही. यानं आतून दार लावायला घेतलं आणि त्यांनी ते बाहेरून खेचलं, आपटलं, पुन्हा खेचलं. हात चौकटीत अडकला, तरी यानं सोडलं नाही. तीन बोटं कापावी लागली."

मिस्त्री पुटपुटला, "चिडलेले लोक होते, बाई. त्यांना वाटत होतं मतमोजणीत घोळ झालाय."

"वाटू दे की! वाटलं तर न्यायालय आहे, मैदान आहे, वर्तमानपत्र आहे. पुढच्या अंगणात ओरडत होते ना, त्यांना मी एका शब्दानं बोलणार नाही. तो त्यांचा हक्क आहे. दगड मारले त्यांना शिक्षा व्हावी, ती दंगल झाली. पण मागून आत आले त्यांचं काय? त्यांनी निवेदन आणलं नव्हतं, मिस्त्री. त्यांनी सही करायचा कागद आणला होता! टाइप केलेला. 'निवडणूक रद्द, विद्यमान सरकार पुढे चालू.' सभापतींचे खांदे दाबून धरले आणि म्हणाले, सही कर. मी तेही टिपून घेतलं. तेव्हा वही हिसकावली आणि हे मारलं."

"पण फौज नव्हती, हत्यारं नव्हती…"

"आणि जमलंही नाही, असंच ना? मिस्त्री, पाकीटमाराचा हात खिशातच पकडला तर तो पाकीटमार नसतो का? कोण किती जोरात ओरडलं याच्यावर नका जाऊ. काय घ्यायला आले होते ते बघा. सरकारकडे काही मागायला येतो तो आंदोलक. आणि लोकांनी ज्याला जा म्हणून सांगितलंय, त्यालाच दमदाटीनं खुर्चीवर ठेवायला येतो, त्याला तुम्ही काय म्हणाल? पैलवानानं हात काढून घेतला असता, तर आज आपण वेगळ्याच सरकारचे नोकर असतो. मग तुमच्या अधीक्षकांनी याला हुल्लड म्हटलं नसतं, क्रांती म्हणून कमान उभारली असती!"

मिस्त्रीनं तो कागद घडी करून खिशात घातला. सही केली नाही.

संध्याकाळी तो तडक मुलीच्या घरी गेला. जावई फरशांच्या दुकानात विक्रीचं काम करायचा. हसरा, मदतीला धावणारा माणूस. सासऱ्याला पाहून तो उठला, खुर्ची पुढे केली. मिस्त्री बसला नाही.

"जावईबापू, मागच्या दाराची गोष्ट तुम्ही कुणाला सांगितलीत?"

जावयाचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. "बाबा, मी आत गेलोच नाही. अंगणातच होतो. आपला हक्क मागायला गेलो होतो आम्ही."

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

"ग्रुपवर… सहज लिहिलं असेल."

मुलगी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "माझ्या नवऱ्याला तुम्ही काय देशद्रोही ठरवायला आलात का, बाबा? टीव्हीवर दिवसभर तेच चाललंय. आता तुम्हीपण?" असं म्हणत तिनं नवऱ्याची बाजू दाखवायलाच टेबलावरचा त्याचा फोन उचलला. "बघा, काय एवढं लिहिलंय ते बघा!" आणि ती वाचू लागली.

वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. "'मागचं दार. बिजागऱ्या बाहेरून. तीन पिना. हातोडी आणि जाड खिळा पुरे. आत गेल्यावर डावीकडे दप्तरखाना.'" ती थांबली. "हे मंगळवारचं आहे. मोर्चाच्या दोन दिवस आधीचं."

जावई उसळला. "हो, लिहिलं! मग काय करायचं होतं? मतं चोरायची आणि आम्ही गप्प बसायचं? तुम्हीसुद्धा आम्हालाच मत दिलंत ना, बाबा?"

"दिलं!" मिस्त्री गरजला. "आणि हरलो! मत दिलं म्हणजे मोजणी मानीन असा शब्द दिला. जिंकलो तर मोजणी खरी, हरलो तर हातोडी, असं करायचं असेल तर रांगेत उभं कशाला राहायचं?"

"आम्ही कुणाला मारायला नव्हतो गेलो."

"पैलवानाची तीन बोटं गेली. माझ्या दारातून ते लोक आत गेले आणि त्याच्या दारात त्याचा हात चिरडला. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य तू विकलंस, आणि वर हक्क म्हणतोस?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मिस्त्रीनं जावयाला एकदाही एकेरी हाक मारली नव्हती. जावयाला ती चपराकीसारखी लागली. तो खाली बसला.

"उद्या मी समितीपुढे सगळं सांगणार," मिस्त्री म्हणाला. "माझी चूकही. नोकरी गेली तर गेली. तुझं तू ठरव."

जावयानं फोनसाठी हात पुढे केला. मुलीनं तो दिला नाही. "पुसायचा विचार असेल तर," ती हळू पण ठाम आवाजात म्हणाली, "मी हे वाचलंय. मीही जाऊन सांगीन."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री समितीपुढे उभा राहिला. समोर तीन न्यायाधीश, बाजूला डोळे वटारलेले अधीक्षक, कोपऱ्यात वही घेऊन बाई. त्यानं बिजागऱ्यांचं सांगितलं, हातोडीच्या घावांचं सांगितलं, न ऐकलेल्या दोन अर्जांचं सांगितलं, आणि मग जावयाचंही सांगितलं.

मधले न्यायाधीश म्हणाले, "कायदा काय म्हणतो ते आम्ही ठरवू. पण तुम्ही इतकी वर्षं इथे काम केलंय. तुम्हाला काय वाटतं? हा मोर्चा होता, दंगल होती, की सत्ता उलथवण्याचा प्रयत्न होता?"

"साहेब, तिन्ही होतं," मिस्त्री म्हणाला. "पुढच्या अंगणात मोर्चा होता. त्यातले बरेचसे माझ्यासारखेच, हरल्याचं दुःख झालेले. त्यांना बंडखोर म्हणू नका, तो अन्याय होईल. खिडक्यांपाशी दंगल होती. आणि मागच्या बोळात तिसरी गोष्ट होती. ज्यानं दोन दिवस आधी हातोडी ठरवली, पेटीची खोली ठरवली, सहीचा कागद टाइप केला, त्याला राग आवरला नाही असं कसं म्हणू? त्याला राज्य हवं होतं, लोकांनी नाही म्हटलेलं. ते फसलं म्हणून लहान होत नाही. आणि अंगणातल्या भल्या माणसांच्या आडून ते केलं, याचीच मला जास्त चीड येते!"

अधीक्षक ताडकन उठले, "हा भावनेच्या भरात बोलतोय, साहेब!"

तेवढ्यात दार लोटून जावई आत आला. डोळे सुजलेले होते. शिपायानं अडवलं तसं तो म्हणाला, "मला जबाब द्यायचाय. ग्रुपवर कोण कोण होतं, कागद कुणी टाइप केला, मला माहीत आहे. सकाळी दवाखान्यात जाऊन आलो. त्या पहारेकऱ्याला सांगितलं, मी दार दाखवलं. तो म्हणाला, मला नको सांगूस, तिथे जाऊन सांग."

पुढे जावयावर खटला उभा राहिला, त्याला शिक्षाही झाली. स्वतःहून सगळं सांगितल्यामुळे ती कमी झाली, इतकंच. मिस्त्रीला इमारतीची माहिती बाहेर सांगितल्याबद्दल ताकीद मिळाली, ती त्यानं निमूट स्वीकारली. ज्यांच्यासाठी तो कागद टाइप झाला होता, ते बडे लोक बरेच दिवस मोकळे हिंडले, दूरदर्शनवर हसत राहिले, 'आम्ही तर शांततेचं आवाहन केलं होतं' म्हणत राहिले. पण समितीच्या अहवालात 'रेट्यामुळे मोडले' हे शब्द आले नाहीत. तिथे स्पष्ट लिहिलं गेलं : सत्ता उलथवण्याचा प्रयत्न. मग त्यांनाही एकेक करून न्यायालयाची पायरी चढावी लागली.

नागरिकहो, आपला पक्ष हरला की जीव जळतो, तो जळू द्या. रस्त्यावर उतरा, ओरडा, कोर्टात जा, पुढच्या वेळी दुप्पट मतं आणा. त्या हक्कासाठी कुणी तुम्हाला देशद्रोही म्हणालं तर त्यालाही ठणकावून सांगा. पण आपल्यातलाच कुणी मतपेटीवर हात टाकायला निघाला, तर 'लोक जरा चिडले होते' म्हणून त्याच्यावर पांघरूण घालू नका. तो आपल्या बाजूचा असेल तेव्हा तर मुळीच घालू नका! परक्यांच्या गुन्ह्याला नाव ठेवायला काही लागत नाही. आपल्याच घरातल्या गुन्ह्याला जो त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतो, तोच खरा नागरिक.