चौथा खांदा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण कुणाच्या ओसरीवर पाय रोवून उभे राहण्याचे भाग्य काही माझ्या वाट्याला आले नाही. माझ्या दोन्ही अंगांना वेळूचे लांब दांडे बांधलेले असत, ते चार माणसे खांद्यावर घेत आणि मी नेरळच्या पायथ्यापासून माथेरानच्या माथ्यापर्यंत अधांतरी प्रवास करी. वर एक पाहुणा बसलेला, खाली आठ पाय चाललेले, अशी माझी उमेदीची वर्षे गेली.

मला भिसेगावच्या बुधाजी सुताराने घडवले. बुधाजी तोंडाचा फटकळ, पण हाताने गुणी. सागाची फळी चार वेळा उलटीसुलटी करून बघितल्याशिवाय तो तिला पटाशी लावत नसे. त्याची बायको माझ्या बैठकीला वेत विणत होती तेव्हा तो म्हणाला, "एक पदर जास्ती घाल गं. हिच्यावर शेटलोक बसनार हायत." त्या एका पदराने मला तीस वर्षे तारले, म्हणून त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

भाताची कापणी उरकली की आसपासच्या गावांतले गडी नेरळला येत आणि पावसाचे ढग दिसेपर्यंत आम्हा खुर्च्यांना खांदा देत. मुंबईचे पाहुणे आगगाडीतून उतरत. एकेक नमुना असे. एका बाईंनी आठ दिवसांच्या मुक्कामासाठी घरचा पाटावरवंटा आणला होता आणि हमालावर विश्वास नाही म्हणून तो मांडीवर घेऊन त्या माझ्यात बसल्या. मित्रांनो, तुम्ही कधी डोंगरावर हवा खायला निघालात तर या म्हातारीचे ऐका. उजाडायच्या आत वाटेला लागा, कारण उन्हे कड्यावर आली की दगडसुद्धा तापतो. पांढरे कपडे घरीच ठेवा. तिथली लाल माती धोब्यालाही दाद देत नाही. नवा बूट डोंगरावर प्रथम घालू नका. खाऊ हातात धरून चालाल तर तो माकडांचा झाला असे समजा. आणि खुर्चीत बसलात तर देखावा दिसला म्हणून एकदम एका बाजूला कलू नका. तुम्हाला खाली दरी दिसते, पण ज्याच्या खांद्यावर तुमचा भार येतो त्याला ती पायाखाली असते.

माझ्या उजव्या दांड्याच्या पुढच्या टोकाखाली वीस वर्षे कोंडाजी होता. चढणीला बुटकी माणसे पुढे आणि उंच मागे, अशी रीत होती, म्हणजे बैठक सपाट राहते. मागच्या दोघांना माझ्या पाठीमुळे वाट दिसत नसे. म्हणून पुढचा वाट बोलून दाखवी. "डाव्या अंगाला धोंडा हाय," कोंडाजी म्हणे, आणि मागून विठू आणि पोशा "हां" म्हणत. "निसरडं हाय." "हां." "आता पायरी." "हां." त्या आवाजावर चौघांची पावले एक होत. कोंडाजीच्या तोंडून कधी चुकीचा धोंडा निघाला नाही.

कोंडाजीची बायको भागूबाई. ती खालापुराकडच्या चौक गावची. माथेरानच्या दक्षिणेच्या कड्यावर उभे राहिले की खाली हेच चौक दिसते, आणि मुंबईचे लोक ते बघायला मुद्दाम जात. कोंडाजी घरी जाऊन सांगे, "तुजं म्हायेर वरून मुठीएवढं दिसतं गं." ती हसून म्हणे, "तुमचं आपलं कायतरीच." तिने ते कधी पाहिले नव्हते. डोंगराच्या सावलीत जन्म काढला, पण भात, गुरे, मुले यांतून वर जायला तिला सवड झाली नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. तिला तर तो रोज जवळूनच दिसे, पण खालूनच.

पुढे लावणीच्या दिवसांत ती बांधावरून पडली आणि तिचा गुडघा कायमचा अधू झाला. सपाटीला ती काठी टेकत चाले, चढण मात्र संपली. त्यातच डोळ्यांवर पडदा चढू लागला. कर्जतच्या वैद्याने सांगितले की दोन दिवाळ्या दिसेल, पुढचे देवाला ठाऊक. तेव्हापासून ती कोंडाजीला रोज एकच विचारी, "चौक वरून कसं दिसतं?" पूर्वी थट्टेवारी नेणारी बाई आता जीव लावून ऐकू लागली. कोंडाजी ते सारे विठूला चालता चालता सांगे आणि मला ऐकू येई. तिचे डोळे आहेत तोवर तिला एकदा वर न्यायचे, एवढेच त्याच्या मनाने घेतले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? खुर्ची होती, खांदे होते. पण मित्रांनो, खुर्चीवाल्यांची एक जुनी रीत होती. आपल्या घरचे माणूस आपल्या खुर्चीत बसवायचे नाही. पाहुण्याला उचलणे हा धंदा. पण आपल्याच गावच्या चौघांनी आपल्याच बाईला खांद्यावर घ्यायचे, हे आयुष्यात एकदाच होते आणि तेव्हा ती बाई डोळे मिटून असते. विठू आणि पोशा कोंडाजीसाठी जीव टाकत, पण हे ऐकल्यावर दोघेही मान खाली घालून बसले. भागूबाईसुद्धा म्हणाली, "नगं बाई. जित्तेपनी चौघांच्या खांद्यावर? लोकं काय म्हनतील?"

मला तर या माणसांचा राग आला. लाकडाच्या जातीला असली भीती नसते, म्हणून मला तो सहज येतो.

एका सकाळी आम्हाला रिकामेच वर जायचे होते, कारण वरच्या बंगल्यातले एक कुटुंब खाली आणायचे होते. कोंडाजीने भागूबाईला पायथ्याशी आणून बसवले होते. तो मनधरणी करत होता, ती नाही म्हणत होती. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन ठमी आली. ठमी डोंगरातल्या ठाकरवाडीची. ती रोज वरच्या घोड्यांसाठी गवत घेऊन चढे आणि आम्हाला हटकून मागे टाकी. तिने भारा न उतरवताच सगळे ऐकून घेतले.

"दादा, तिरडीला बाईमानूस खांदा देतं का रं?" तिने कोंडाजीला विचारले.

"नाय."

"मंग चौथा खांदा माजा. बाईचा खांदा लागला का ती तिरडी कशी व्हईल?"

विठूने पोशाकडे बघितले. मग भागूबाईच हसू लागली, आणि ती हसली तसे सगळ्यांचे खांदे मोकळे झाले. धोंडी नावाचा आमचा चौथा गडी बाजूला झाला आणि ठमीचा भारा त्याच्या डोक्यावर आला. ठमी बुटकी, म्हणून तिला पुढे, कोंडाजीच्या शेजारी घेतले. खुर्च्यांच्या पाळ्या लावणारा मुकादम तिथेच चिलीम ओढत होता. त्याने न पाहिल्यासारखी पाठ फिरवली आणि आगगाडीच्या रुळांकडे बघत बसला. भला माणूस.

भागूबाई माझ्यात अवघडून बसली. तिचे दोन्ही हात माझ्या हातांवर घट्ट होते. "डाव्या अंगाला धोंडा हाय," कोंडाजी म्हणाला. मागून "हां" आले आणि शेजारून ठमीनेही "हां" म्हटले. पाहुणे डोंगराकडे बघतात, दरीकडे बघतात. भागूबाई तीन तास कोंडाजीच्या खांद्याकडे बघत होती. दांड्याखाली वर्षानुवर्षे घासून तिथे नारळाच्या करवंटीसारखा घट्टा झाला होता. खुर्चीखाली तो उघड्या अंगाने चाले, पण घरात सदरा असे आणि दिव्याचा उजेड अंधूक. तिने तो इतक्या जवळून, भर उन्हात, कधी पाहिला नव्हता.

वर पोहोचल्यावर आम्ही थेट दक्षिणेच्या कड्यावर गेलो. मला जमिनीवर टेकवले. हवा निवळ होती. कोंडाजी बोट दाखवू लागला, "त्यो बग तलाव. त्याच्या अलीकडं तुमचं घर."

भागूबाईने उन्हाला आड म्हणून डोळ्यांवर हात धरला. "आमचं वडाचं झाड हाय अजून," ती म्हणाली आणि रडली. मला फार बरे वाटले.

कोंडाजी पुढचे डोंगर, पुढची गावे सांगू लागला, तशी तिने पदराने डोळे पुसले आणि काठी टेकून उठली.

"मी बगितलं. आता तुमी बसा हितं."

"मी? खुर्चीत? येडी का काय तू?"

"जिमिनीवरच हाय ती. बसा म्हनते ना."

मित्रांनो, वीस वर्षे माझा भार वाहणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यात बसला. कुणाचे वजन किती हे मला बैठकीवरून कळते. शेट बसले, साहेब बसले, पाटावरवंट्यासकट बाई बसल्या. पण कोंडाजी बसला तेव्हा वेत करकरलासुद्धा नाही. इतका हलका माणूस इतक्या जडांना उचलत होता! भागूबाई त्याच्या मागे उभी राहिली आणि त्या घट्ट्यावरून हळूहळू हात फिरवत राहिली. ठमी, विठू, पोशा, धोंडी सगळे दुसरीकडे बघत होते.

बंगल्यातले कुटुंब खाली पोहोचवून आम्ही दुपारी पुन्हा वर आलो आणि भागूबाईला त्याच चार खांद्यांवरून खाली आणले. दोन वर्षांनी तिला दिसेनासे झाले. आता नेरळहून छोटी आगगाडी वर जाऊ लागली आहे, आणि मी नेरळच्या एका पडवीत कोंबड्यांच्या डालग्याखाली पडून आहे. माझा एक दांडा कुणी वाळवणाला नेला. मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. माझे काम झाले. पण तुम्ही सहलीला जाल, तेव्हा कुणाच्या तरी जिवावरच जाल. घोडा असेल, गाडीवान असेल, ओझे उचलणारी एखादी ठमी असेल. वर पोहोचलात की देखावा कुठे पळून जात नाही. आधी त्या माणसाला पाणी द्या, आणि घटकाभर तुमच्या जागेवर बसायला सांगा.