मडक्यातली राख

हाजराबीचं नाव कोणी काढलं का आजही माह्या पोटात आग पडते. ते वाईट होती म्हणून नाई. वाईट असती तं बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती मी.

मी गोजरा. वाशिमच्या दौलतराव देशमुखाच्या घरी विजयमालाबाई नांदाले आल्या, तवा त्याईच्यासंगं पाठराखीण म्हणून मले धाडलं होतं. चार दिसांनी परत जायची, ते सोळा वर्सं तिथंच राह्यली. बाईले लेकरू नाई झालं. त्याईची वेणी मी घालू, पथ्यपाणी मी पाहू, त्या रुसल्या तं समजूत मीच काढू. बाईचं माणूस कोण असं गावात कोणालेही इचारा, लोक म्हणत, गोजराबाई. मले ते आयकाले लय गोड लागे.

दुसरी विलायती लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्सं आधी बाईच्या भावानं मुंबईहून काचेची पेटी पाठवली, त्यात आठ रंगीत मासे. बाई दिवसभर त्या पेटीपाशी बसू लागल्या, हसू लागल्या. भावानं चिठ्ठीत लिवलं होतं, याईले जिते गांडूळ खाऊ घाला, उकिरड्यातले बारीक लाल, ते मडक्यात पाळता येतात. बाईनं माह्याकडे पाह्यलं. मी म्हणलं, "म्हशी पाळल्या, कोंबड्या पाळल्या, आता हे पाळीन. त्याले काय एवढं!"

आन पाळले बी. चार मडकी भरली, आत शेणमाती, वरून ओला बारदाना. मुंग्या चढू नये म्हणून तिवईच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंगी एक लागली नाई. खाऊ घालतानी मी हात आखडला नाई. भिजवलेली भाकर टाकू, उरलंसुरलं वरण टाकू. पाळलेल्या जिवाले उपाशी ठेवणं आमच्या घरची रीत नाई. पण फागुन लागला आन मडक्यात पांढरे किडे झाले. मिठाचे दाणे चालून राह्यले असे दिसत. चिलटं झाली, वास सुटला. बाईनं एक दिवस बारदाना उचलला आन नाकाले पदर लावला.

"गोजरा, हे माह्या माशाईले नोको टाकू."

सोळा वर्सांत बाईनं माह्या हातचं पहिल्यांदा नोको म्हणलं होतं.

आन तेवढ्यात टपकली हाजराबी. युनूस मनियाराची बायको, घरोघर बांगड्या भरे. टोपली खाली ठेवली, दोन बोटं मडक्यात घातली, माती हुंगली आन मले म्हणते कशी, "खाला, तू लय खिलवून राह्यली याईले."

खाला, म्हणजे मावशी! माह्याहून दोन वर्सांनी लहान असन नसन मेली.

"माहा बाप पैनगंगेवर गळ टाके," ते बाईले सांगू लागली. "त्याचं गांडुळाचं मडकं उन्हाळाभर राहे. पहिलं खाल्ल्याबिगर दुसरं टाकाचं नाई. आन टरबुजाची साल मातीवर पालथी ठेवाची. सकाळपर्यंत सारे किडे सालीले लागते, का उचलून फेकाची."

"मंग एक मडकं घेऊन जाय आन करून दाखव," बाई म्हणाल्या. माहं मडकं! माह्या तोंडासमोर!

आठ दिसांनी ते मडकं परत आलं. माती भुसभुशीत, वास नाई, किडा औषधाले सापडू नाई. बाईनं चार गांडूळ पेटीत सोडले तं मासे तुटून पडले. बाईनं टाळी वाजवली. हाजराबीले आपल्या सतरंजीवर बसवलं. तवापासून ते रोज येई, बांगड्या विकाच्या असो का नसो. दोघी कुजबुजत, हसत. मी दारात गेली का चूप. मले असं वाटे, हिच्या टोपलीतल्या साऱ्या बांगड्या वट्यावर आपटाव्या. बाईनं तिले पानाचा डबा पुढे केला त्या दिवशी मी जेवली नाई. मी जेवली नाई हेही कोणाले समजलं नाई.

गुढीपाडव्यानंतर बाईले दोन महिने नागपूरले डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात राहाचं होतं. एका सांजी मी पाण्याचा तांब्या घेऊन गेली तं आतून बाई दौलतरावाले सांगून राह्यल्या होत्या, "मासे मी हाजराबीच्या हवाली करते."

मी तिथूनच मागे फिरली. ज्या माशात बाईचा जीव, ते तिच्या हवाली! मंग मी कोण? सोळा वर्सं मी काय गवत उपटलं? मी ठरवलं, पाडव्याच्या आत माही मडकी अशी स्वच्छ करीन का बाईनं सोताहून म्हणलं पाह्यजे, गोजरा, मासे तूच सांभाळ.

टरबुजाची साल ठेवू? तिचं आयकून? मरून गेली तरी नाई. आमच्या माहेरी कणगीत दोन-दोन वर्सं जवारी राहे, एक सोंडकिडा होत नसे. कडुलिंबाचा वाळला पाला आन चुलीची राख दाण्यात कालवली का झालं. ते दाण्याचं औषध, पण किड्याले किडा सारखाच. मी तिन्ही मडक्यात पसापसा राख टाकली, पाला चुरून टाकला, आन खालवर कालवलं.

दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं पांढरे किडे गेले होते. गांडूळही गेले होते. मडक्याच्या काठाले चिकटून वाळले होते सारे, जे आत होते ते गोळा होऊन पडले होते.

बाजूले तिचं मडकं होतं. बारदाना उचलला तं आत कशी वळवळ, कशी मजा! आता पुढचं सांगतानी लाज वाटते, पण सांगते. पहिल्या बारी मले राखेचं ठाव नव्हतं. या बारी होतं. चुलीतून आणखी दोन पसे राख आणली आन उरल्या पाल्यासंगं तिच्या मडक्यात कालवली. जिवाले थंडाई वाटली.

तिसऱ्या दिवशी हाजराबीनं मडकं उघडलं. बाई तिच्यामागंच उभ्या होत्या. तिनं बोटावर राख घेतली, पाल्याची काडी उचलली. मले वाटलं आता बोंबलन. पण ते हळूच बोलली.

"हे कणगीतलं औषध व्हय, बाई. माह्या घरी कणगी नाई. आमी शेराशेरानं जवारी आणतो."

मंग टोपली डोक्यावर घेतली आन निघून गेली. बाईनं दोनदा हाक मारली, तिनं वळून पाह्यलं नाई.

हे कोणाचं काम ते बाईले समजलं, पण त्याईनं आवाज चढवला नाई. पेटीजवळ बसून म्हणाल्या, "मासे तिच्या हवाली काहून करून राह्यली होती मी, इचारलं असतं तं सांगितलं असतं. तुले संगं न्याचं होतं. तिथं परक्या गावात माह्या उशाशी दुसरं कोण बसन? मोटारीत दोन जागा सांगून ठेवल्या मी."

मी त्याईचे पाय धरले. "मंग मी येते, बाई! मेले मासे तं मरू द्या!"

बाईनं पाय मागे घेतले.

"हेच," त्या म्हणाल्या. "तुह्या डोयात कोणी खुपलं का तू त्याले मरू देतं. तू इथंच राह्य. आन माशाईले जगव."

पाडव्याच्या चौथ्या दिवशी मोटार आली. माह्या जागेवर लखमा बसली, भांडेवाली, जिले बाईशी बोलतानी घाम फुटे. बाईनं खिडकीतून मले म्हणलं, "पाणी रोज बदल." बस, एवढंच. मी खुरपं घेऊन उकिरड्यावर गेली आन रडत रडत गांडूळ उकरले. खाणं थोडं टाकलं, टरबुजाची सालही ठेवली, कोणी पाहून नाई राह्यलं हे पाहून ठेवली.

दोन महिन्यांनी बाई आल्या. अंगानं भरल्या होत्या. पेटीपाशी बसून त्याईनं मासे पाह्यले, आठच्या आठ होते. "चांगले ठेवले," म्हणाल्या. मी पुढे सरकली, आता काही बोलतीन म्हणून.

बाईनं माह्यावरून दाराकडे पाह्यलं आन हाक मारली, "लखमे, कुठी गेली वं? मले तुह्याशिवाय करमत नाई."