शेपटीकडचं डोकं

आमच्या दुकानात पाट्या थोरल्या जाऊबाई रंगवतात आणि गिऱ्हाइकांशी मी भांडते. ज्याचा जसा स्वभाव तशी कामाची वाटणी. पत्र्याला अस्तर लावणं, शेवटी व्हार्निश मारणं हेही माझ्याकडे. ब्रश मात्र त्यांचे. त्यांना मी हात लावलेला खपत नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी पहिलं काम घेतलं ते सार्वजनिक बागेचं. तिथल्या शेंगांच्या वेलावर एक निळं फुलपाखरू येतं, नखाएवढं. त्याची मोठी पाटी हवी होती.

"हे जमलं तर डोळे परत आले म्हणायचे," जाऊबाई म्हणाल्या. "नाहीतर ब्रश बांधून ठेवते. मामंजींच्या दुकानाचं नाव मला घालवायचं नाही."

त्या बोलतात तसं करतात, हीच त्यांच्याबरोबर राहण्यातली अडचण आहे.

रोज सकाळी बागेत जाऊन, डोळ्यांत तेल घालून त्या वेलापाशी बसल्या. पाटी झाली तेव्हा मी बघतच राहिले. मिटलेले राखाडी पंख, त्यांवर पांढऱ्या रेघांच्या लाटा. एका टोकाला नारिंगी कड्यात काळाभोर डोळा आणि त्याच्यापुढे केसासारख्या दोन मिशा, टोकाला पांढऱ्या. हा एवढासा पांढरा ठिपकाही त्यांनी सोडला नव्हता.

आणि इथेच माशी शिंकली. बागेचे साहेब पाटी घेऊन स्वतः दुकानात आले.

"चित्र सुरेख आहे, पण डोकं शेपटीच्या जागी गेलंय," ते म्हणाले.

"डोळा दिसतोय, मिशा दिसतायत. मग डोकं काय खिशात असतं?" मी म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

जाऊबाईंनी ब्रश धुतले, पुसले आणि फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले. संध्याकाळी माझ्या हातचा चहा नावं न ठेवता प्यायल्या, तेव्हा मात्र मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांना बागेत ओढत नेलं.

"आता कशाला?"

"साहेबांशी भांडायचंय. साक्षीदार पाहिजे."

वेलापाशी बसतो न बसतो तोच एक निळी चमक फिरली आणि फुलावर टेकली. पंख मिटल्याबरोबर निळं गायब. बसल्या बसल्या ते गर्रकन उलटं फिरलं आणि मागचे पंख एकमेकांवर घासायला लागलं. त्यासरशी दोन्ही मिशा वरखाली हलल्या.

"बघा, मिशा," मी म्हटलं.

"धाकटे, दुसरं टोक बघ," जाऊबाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या टोकाला खरं डोकं होतं, पिटुकलं, सोंड फुलात घालून गुपचूप बसलेलं. मी ज्यांना मिशा म्हणत होते त्या शेपट्या निघाल्या, आणि तो काळाभोर डोळा पंखावरचा नुसता ठिपका. साहेबांचं बरोबर होतं. त्यामुळे मला त्यांचा आणखीच राग आला.

"एवढे दिवस बघून मला डोकं कळलं नाही. चल घरी," म्हणत जाऊबाई उठल्या.

तेवढ्यात खालच्या काटकीवरचा सरडा हलला. दबकत दबकत तो वर आला, मान लांबवली आणि झडप घातली, थेट त्या नारिंगी ठिपक्यावर. फुलपाखरू भलत्याच बाजूने उडालं. सरड्याच्या तोंडात पंखाचा कपटा तेवढा राहिला. शेपट्या गमावलेलं फुलपाखरू शेजारच्या फुलावर जाऊन, काही झालंच नाही अशा थाटात रस प्यायला लागलं.

जाऊबाई मटकन खाली बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या.

"याचं पोट असल्या शिकारीवर चालतं," त्या सरड्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "आणि हाही तिथेच फसला. म्हणजे त्याला दिसतं तेवढं मला दिसतं, धाकटे."

मला रडू आलं. आनंदाचंच होतं, पण डोळ्यांत कचरा गेला असं सांगून मी वेळ मारून नेली.

दुकानात आल्या आल्या त्यांनी फळीवरचं फडकं सोडलं. पाटीवर डोकं योग्य जागी आलं, शेपटीचं टोक कुरतडलेलं निघालं आणि खाली कोपऱ्यात तोंडात कपटा धरून बावळटासारखा बघणारा सरडा उमटायला लागला. सरडा साहेबांनी सांगितला नव्हता. त्यासाठी काय काय भांडायचं, ते मी मनात जुळवत चहा केला.

जाऊबाईंनी ब्रश खाली न ठेवताच एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर जास्त झालीय," त्या म्हणाल्या.